कायमचा ठोका

हेडमास्तरसाहेबांनी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि एका ओळीखाली बोट धरलं. "हे तुम्ही शिकवलंत?"

ओळ अशी होती : 'वऱ्हाड हे निजामसाहेबांचे वावर असून सरकारने ते कायमच्या ठोक्याने केले आहे.'

माझ्या शेजारी वसंता उभा होता. जानेफळच्या पाटलांचा एकुलता मुलगा. आदल्या वर्षी मॅट्रिकला नागरिकशास्त्रात उडाला होता. आता शाळेची टेस्ट झाली होती. टेस्ट हेडमास्तरांच्या पसंतीस उतरली तरच बोर्डाचा फॉर्म जाई. फॉर्म गेला नाही तर वसंताची शाळा संपली, आणि मी परत राजापूरला.

परत जायला तोंड नव्हतं. घरात पाच भावंडं, म्हणून मी इंग्रजी पाचवीतच, मॅट्रिकच्या दोन यत्ता आधी, शाळा सोडलेली. बुलढाण्याला एका वकिलांकडे नकला करायला आलो, ते वकील वारले. पाटलांनी मला मुलासाठी ठेवून घेतलं. भाड्याची खोली, दोन वेळचं जेवण. सर्टिफिकेट मागितलं नाही. म्हणाले, "अक्षर चांगलं हाये तुमचं. राहा कायम." त्या 'कायम'वर मी दोन वर्षं निश्चिंत झोपलो होतो. बाकी सगळ्या बाबतीत झोप कमीच. जो पेपर मी स्वतः कधी दिला नाही, त्याच्या नोट्स मी काढत होतो.

राज्यव्यवस्थेच्या धड्यात वऱ्हाडाचं प्रकरण सगळ्यांना जड जाई. मालकी हैदराबादच्या निजामाची, कारभार इंग्रजांचा, गव्हर्नर नागपूरचा. मी ते आमच्याकडच्या खोताचं आणि कुळाचं उदाहरण देऊन समजावलं. वसंताने अर्धा तास ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, खोत म्हंजे काय?"

कोकणात शेंबडं पोर खोताला ओळखतं. इथे खोत नव्हताच. मग वसंताच बोलू लागला.

"म्हंजे वावर निजामाचं, वाह्यते-पेरते सरकार?"

"हो."

"पयले खर्च काढून उरलेलं मालकाले द्याचं होतं?"

"हो, करारात तसं होतं."

"हे तं बटईसारखं झालं, पिकातल्या वाट्यासारखं. मंग?"

"मग दरसालची रक्कम बांधून दिली."

"पीक येवो का न येवो. हा ठोका झाला. किती सालाचा?"

"कायमचा."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "कायमचा ठोका कोन देते हो, मास्तर? आमच्या गावातलं येडं बी नाई देनार."

पाटील त्या दिवशी कोर्टाच्या कामाला बुलढाण्याला, आमच्या खोलीवर आले होते. बाजेवर बसून पान जमवत होते. ते फक्त "हं" म्हणाले. मला वाटलं, खूश झाले.

मी वसंताला बजावलं होतं की हे समजण्यापुरतं आहे, पेपरात पुस्तकातलं लिही. त्याने समजलेलं लिहिलं.

"तुमचं शिक्षण?" हेडमास्तरांनी विचारलं.

खोटं बोलायचं धैर्य नव्हतं. "इंग्रजी पाचवी. पुढे सोडली."

त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही मॅट्रिकची तयारी करून घेता?"

"पाटलांचे उपकार आहेत, साहेब."

"मी सरकारी नोकर आहे. सरकारला ठोकेदार म्हणणारा पेपर माझ्या शाळेतून गेला तर मी कुठे जाऊ?" मग ते वसंताकडे वळले. "तुला कळलंय तरी का तू काय लिहिलंस?"

"हाव."

"मग सांग. कायमचा ठोका दिला, तर मालकाकडे राहतं काय?"

वसंताने क्षणभरही विचार केला नाही. "कागदावर नाव, साहेब. अन् लग्नाकार्यात मान."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. हसू आवरत होते की काय, कळलं नाही. त्यांचंही कुठेतरी वावर असावं. शेवटी फॉर्म ओढून त्यांनी सही केली.

"बोर्डाच्या पेपरात वावर लिहायचं नाही, प्रांत लिहायचं. ठोका नाही, पट्टा. बाकी उत्तर आहे तसं राहू दे. आणि मास्तर, तुमची पाचवी तुमच्यापाशीच ठेवा."

वसंता पास झाला. ज्या पेपरात उडाला होता त्यातच सर्वांत जास्त मार्क. पाटलांनी जानेफळला पेढे वाटले, मला धोतरजोडी दिली. आता धाकट्या पुतण्याला तयार करायचं होतं. मी नमस्कार करून म्हणालो, "आपण कायम म्हणाला होतात, म्हणून..."

"ते म्हनलं होतं," पाटील म्हणाले. "पन तुमचा तो धडा आयकला अन् माह्ये डोळे उघडले. दोन वावरं भावकीले मुदतीबिगर देऊन बसलो होतो. दोन्हीचे कागद करून घेतले. आता कायम हा शबुद म्या कोनाले देत नाई. तुमी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत राहा. सालदारासारखं."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. पाडव्याला बोली संपते. मालकाला वाटलं तर पुन्हा ठरते. माझं 'कायम' माझ्याच शिकवण्याने गेलं होतं आणि नोकरी त्याच शिकवण्याने उरली होती. तक्रार कुणाकडे करणार? मी "बरं" म्हणालो.

त्यानंतर दर फाल्गुनात माझी भूक जायची. दर पाडव्याला पाटील गुढीखाली उभे राहून विचारत, "काऊन मास्तर, राहता ना?" मी म्हणे, "हाव." इतकी वर्षं तिथे काढल्यावर तेवढं वऱ्हाडी मला येत होतं. पुतण्या शिकून गेला, भाचा आला, मग गावातले इतर आले.

पुढे इंग्रज गेले. निजामाचंही राज्य गेलं. करारात कायमचा म्हणून लिहिलेला वऱ्हाडाचा तो ठोका माझ्या डोळ्यांदेखत संपला आणि मला नोट्समधलं ते पान फाडावं लागलं.

माझी सालाची बोली तेव्हा चालूच होती.