पूर्ण ठिकाण

नारायणगावच्या स्टँडवर खोडदच्या जीपमध्ये बसलो होतो, तेव्हा इक्बालभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. “काका, अब्बा गेले...” एवढंच ती बोलू शकली. ड्रायव्हर विचारत होता, “कुठं उतरायचं, भाऊ?” मला काही सांगताच येईना. भाई असते तर त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली असती. ठिकाण न सांगता बसणारा माणूस त्यांना मुळीच खपायचा नाही.

जुन्नरचे इक्बालभाई आणि खोडदच्या शेतकऱ्याचा पोरगा मी, अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. द्राक्षं आणि टोमॅटोच्या पॅकहाउसमध्ये क्रेटवरची लेबलं छापणारे प्रोग्राम लिहायचो. प्रोग्रामच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जिथे जपून ठेवतात ती रेपॉझिटरी; भाई तिला कोठार म्हणत. एकदा कोठाराचं ठिकाण सांगितलं की कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो, मग नुसती आज्ञा दिली तरी भागतं. सगळं जग तसंच करतं. आमच्याकडे मात्र दर आज्ञेत पूर्ण ठिकाण हाताने टाइप करायचं, मशीनच्या नावापासून शेवटच्या फोल्डरपर्यंत. मी मनातल्या मनात चरफडायचो, पण टाइप करायचो.

याचं मूळ कारण अर्थात मीच. सुरुवातीला एकदा घाईघाईत द्राक्षांच्या फोल्डरमध्ये असतानाच मी टोमॅटोची दुरुस्ती ठिकाण न देता पाठवून दिली. सकाळी द्राक्षांच्या क्रेटवर ‘टोमॅटो’ अशी लेबलं! पॅकहाउसच्या मालकांचा फोन आला, “राव, आमची द्राक्षं लई आंबट हायेत, असं म्हणायचंय का तुमाला?” मला वाटलं, सुटली नोकरी. भाई पोट धरधरून हसले. मग शांतपणे म्हणाले, “दत्ताभाऊ, आपण कुठं उभं हाय, यावर भरवसा नाय ठेवायचा. कुठं जायचंय ते सांगायचं.”

भाई गेले आणि पंधरा दिवसांत आमच्या मशीनची डिस्कही गेली. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला. शबानाला वडिलांचं काम पुढे चालवायचं होतं, पण चालवायला प्रोग्रामच नाही. कोठार होतं भाड्याच्या मशीनवर, लांब कुठेतरी. पासवर्ड भाईंच्या वहीत सापडला, ठिकाण कुठेच लिहिलेलं नव्हतं. “काका, तुमाला तरी आठवतंय का?” तिने विचारलं. मी डोकं खाजवलं... एक अक्षर आठवेना. लाज वाटली.

शेवटी नवी डिस्क बसवली आणि सवयीने कीबोर्डवर हात ठेवला. बोटं आपोआप चालू लागली. मशीनचं नाव, तिरकी रेघ, फोल्डर, पुन्हा रेघ... मी नुसता बघत होतो. अकरा वर्षांच्या चरफडण्याचं चीज झालं! शबाना मागे उभी राहून वाचत होती.

“काका, ह्यात माझं नाव हाय?”

होतं. द्राक्षांचं फोल्डर ज्या फोल्डरात होतं, त्याला भाईंनी तिचंच नाव दिलेलं. इतकी वर्षं टाइप करता करता मी ते वाचायचंच सोडून दिलं होतं. “रोज लिहायला लावायचे,” मी म्हणालो. एंटर दाबलं. एकेक फाइल उतरू लागली, तेव्हा आम्ही दोघंही रडलो आणि मग चहा मागवला.

यंदाची लेबलं बिनचूक छापली गेली. आता भाईंच्या खुर्चीवर शबाना बसते. मी तिला सांगून पाहिलं, की बाई गं, कॉम्प्युटर ठिकाण लक्षात ठेवतो, दर वेळी लिहायची गरज नाही.

“ऱ्हाऊ द्या काका,” ती म्हणाली, “मी लिहिते.”