बेडकांच्या पिल्लांचा घास

अंगणातला हौद मी रिकामा करायला घेतला, तेव्हा तळाशी शेपटीवाली काळी पिल्लं वळवळत होती. बेडकांची. डेंग्यूची तपासणी करणारे लोक आमच्या गढा वस्तीतल्या गल्ल्यांतून फिरत होते आणि साचलेलं पाणी दिसलं की दारात उभं राहून ओरडत होते, त्यामुळे मला दयामाया सुचत नव्हती. पण माझी मुलगी हौदापुढे आडवी उभी राहिली, आणि तिच्यामागे माझे वडील येऊन उभे राहिले. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

"टबात काढ," बाबा मला म्हणाले. मग नातीकडे वळून म्हणाले, "मी आहो न. मरू देत नाही यायले. शब्द आहे माहा."

असला शब्द कोणी देऊ नये. पण वर्षावास सुरू होता, आम्हा बौद्धांचा पावसाळ्यातला व्रताचा काळ. या तीन महिन्यांत आमच्या घरी मटण-अंडं बंद असतं आणि संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, एवढं नेहमीचंच. यंदा मात्र बाबांनी शीलं फारच मनावर घेतली होती. आई गेल्यानंतरचा हा पहिला वर्षावास. जीव मारायचा नाही म्हणजे नाही. अंगावर बसलेला डाससुद्धा ते फुंकर मारून उडवायचे. तो डास मग माझ्याकडे यायचा, आणि माझं शील काही तेवढं पक्कं नाही.

आई गेल्यापासून त्यांचा उजवा हातही जास्त थरथरायला लागला होता. विहारात मेणबत्ती लावायला ते पुढे जाईनासे झाले, मागच्या सतरंजीवर हात मांडीखाली दाबून बसायचे. मी त्यांना चहा अर्धाच कप द्यायला लागले, म्हणजे सांडत नाही. यावर घरात कोणी काही बोलत नव्हतं.

टबात पिल्लं मजेत होती. उकडलेला पालक टाकला की तुटून पडायची. मागचे पाय आले, पुढचे आले. बाबांनी टबात एक वीट तिरकी ठेवली, तिच्यावर ती चढून बसायला लागली. मग शेपट्या गेल्या, आणि पिल्लांनी खाणंच सोडलं.

पालकाकडे ती बघेनात. भाताचं शीत, भिजवलेली डाळ, पोळीचा चुरा, सगळं ठेवून झालं. आम्ही आपले वर्षावासाचं पथ्य बेडकांना पाळायला लावत होतो! दोन-तीन दिवसांनी एक मेलं. मग रोजच एखादं जायला लागलं. बाबा त्याला कढीपत्त्याच्या मुळाशी पुरायचे आणि हिंदी शाळेतून आलेली मुलगी टबावर वाकून उरलेली मोजायची. "नानाजी, आपने तो बोला था," एवढंच म्हणायची. बाबा मान खाली घालायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

एका दुपारी मी टबाशी भांडी घासत होते. विटेवरून एक मुंगी चालली होती. इतका वेळ दगडासारखं बसलेलं पिल्लू तिच्याकडे वळलं, टक लावून बघत राहिलं. मुंगी थांबली, तसं त्याचंही लक्ष उडालं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. हलतं तेच त्यांना खाणं वाटत होतं.

"बाबा, केळाच्या सालीवर चिलटं जमतात, ती पकडून सोडू."

"जित्ती?"

"मग काय मेलेली?"

"माह्या हातून नाही होत ते."

"अन् हे मरून राहिले, ते कोणाच्या हातून?"

ते उठून आत गेले आणि जेवले नाहीत. मीही जेवले नाही. तोपर्यंत टबात तीनच पिल्लं उरली होती, पोटं खपाटीला गेलेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बघते तर बाबा ओसरीवर ट्यूबलाइटखाली बसून डाव्या हातानं काहीतरी वेचत होते. पावसाळ्यात दिव्यावर आपटून आपटून मेलेले बारीक किडे, त्यांनी कागदावर गोळा केले होते.

"हे आपून नाही मारले," ते म्हणाले. "पण मेलेले हलतीन कसे?"

मी खराट्याची काडी मोडली, टोक ओलं करून त्याला किडा चिकटवला आणि पिल्लापुढे धरला. माझा हात सुईत दोरा ओवणारा, अगदी स्थिर. पिल्लू ढिम्म. काडी हलवली तर जास्तच हलली आणि ते घाबरून पाण्यात पडलं. मुलीनंही करून पाहिलं, तिला हसू आवरेना आणि किडाच गळून पडला. तिसरं पिल्लू तर आता मानही वर करत नव्हतं.

"नानाजी, आप करो ना," ती एकदम म्हणाली. "आपका हाथ तो अपने आप हिलता है."

मी तिच्या पाठीत धपाटा घालणार होते.  घरात आजवर कोणी न उच्चारलेली गोष्ट पोरीनं भर अंगणात बोलून टाकली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मांडीखाली दाबलेल्या हाताकडे.  मग त्यांनी तो हात बाहेर काढला.

"आण ती काडी."

काडीच्या टोकावर मेलेला किडा फडफडायला लागला. ना कमी, ना जास्त. पिल्लू वळलं. एक पाय पुढे टाकला.  पटकन जीभ आली, काडीचं टोक रिकामं झालं, आणि डोळे आत ओढत पिल्लानं घास गिळला.

मुलगी किंचाळली. बाबांनी बोलू नका म्हणून खूण केली आणि नवा किडा लावला. दुसऱ्यानंही खाल्लं. तिसऱ्यापुढे त्यांनी कितीतरी वेळ काडी धरून ठेवली, पण ते संध्याकाळी गेलंच. त्याला मुलीनं पुरलं, आणि या वेळी ती नानाजींना काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दोन पिल्लांची पोटं भरल्यावर बाबा भिंतीला टेकले. हात उघडाच होता, गुडघ्यावर.

"चहा आण न वं," ते मला म्हणाले. "अन् भरून आण. अर्धा काहून देतं मले रोज?"

मी काठोकाठ भरून आणला. बराचसा बशीत सांडला. त्यांनी तो बशीतून प्यायला.