एक्केचाळीस नंबरची झोप

शहादेव गर्जे डॉक्टर होता, पण छावणीत पहिल्या दिवशी लोकांना तो पट्टे विकणारा वाटला. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पोती आणि पोत्यांत वीस पट्टे, वीस डब्या, बोटाला लावायचे वीस चिमटे. आष्टीपासून चौदा किलोमीटर, निम्मा रस्ता फुफाट्याचा. तरी एकही डबी फुटली नाही, कारण प्रत्येक डबी त्याने स्वतःच्या हाताने गोधडीच्या तुकड्यात बांधली होती.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता. आदल्या पावसाळ्याने तोंड दाखवून पाठ फिरवली होती. गावच्या सोसायटीने माळावर चारा छावणी घातली होती. अकराशे जनावरं, आणि प्रत्येक दावणीला घरातलं एक माणूस मुक्कामाला. दावणीला नंबर. रोज सकाळी हजेरी. ज्या नंबरचं जनावर हजेरीला नसेल त्याचा त्या दिवसाचा चारा बंद.

शहादेवचा विषय झोपेचा होता. झोपेत काही माणसांचा श्वास अडतो. दहा-वीस सेकंद अडतो, मग माणूस दचकून हवा ओढतो आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. असं तासाला तीस-चाळीस वेळा झालं की हृदयाला रात्रभर चढावर गाडी ओढल्यासारखं राबावं लागतं. शहादेवचे वडील बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात. ते घोरायचे तेव्हा आई म्हणायची, कष्टाच्या माणसाची झोप आहे. एकावन्नाव्या वर्षी ते झोपेतच गेले. तो यावर कधी बोलत नसे. त्याने वाचलेल्या अभ्यासांत बहुतेक माणसं जाडी आणि शहरातली होती. राबणाऱ्या, वाळक्या माणसांत हा आजार किती, हे त्याला मोजायचं होतं. आणि अशी माणसं महिनोन् महिने एका जागी झोपतात, हे दुष्काळाशिवाय कुठे सापडणार?

सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव त्याच्या वडिलांना ओळखत होते. रात्री छातीला बांधायचा पट्टा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला; त्यावरची डबी श्वास आणि ठोके नोंदवायची.

"शहादेव, इथं जनावरं जगवायला चारा न्हाई, आन तू झोप मोजतोस?"

"चारा तुमी मोजा दादा. झोप मी मोजतो."

"आन मोजून काय देशील?"

"ज्याचं हृदय थकलंय त्याला आधी सांगीन."

अर्जुनरावांनी परवानगी दिली. दूध संकलन केंद्राची खोलीही दिली. दूध आटलं होतं, खोली मोकळीच पडली होती. मग त्यांनी लाऊडस्पीकर हातात घेतला आणि सांगितलं, "ज्या नंबरला पट्टा दिलाय त्यानं सात रात्री बांधायचा. एकबी रात्र खाडा पडला न्हाई पाहिजे."

शहादेवला हे फार आवडलं. एवढी शिस्त शहरातल्या माणसांत मिळत नाही.

सहा आठवडे, एकशेवीस माणसं. दावणी घरातल्या पुरुषांच्या नावावर होत्या, म्हणून त्याने पुरुषच घेतले. रोज उजाडताना केंद्राच्या दारात दुधाचा क्रेट ठेवायचा. लोक आपापला पट्टा त्यात टाकून जात. तो चिमटे पुसायचा, डब्या चार्जिंगला लावायचा, नोंदी संगणकात उतरवायचा आणि संध्याकाळी पट्टे परत द्यायचा. काम चोख होतं. फक्त सकाळी दावणीदावणीला जाऊन पट्टे सोडवून आणायचे श्रम तेवढे त्याने वाचवले होते, आणि तेवढेच महाग पडले.

शेवटच्या आठवड्यात एक्केचाळीस नंबर अडला. हा हरिबाचा नंबर. पाच रात्री स्वच्छ. शनिवार आणि रविवारच्या रात्री तासाला चव्वेचाळीस वेळा श्वास अडलेला, ठोके चुकलेले. शहादेव घाबरला. त्याच दिवशी त्याने हरिबाला मोटरसायकलवर बसवून बीडला नेलं. तिथे दोन दिवस तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

परत येताना हरिबा म्हणाला, "डॉक्टर, मला कशाला नेलतं? दवाखान्यात तुमचं यंतर ठेवायचं होतं."

शहादेवने वहीत पेन्सिलीने लिहिलं, यंत्र सदोष. त्या दोन रात्री खोडल्या की हिशेब सुटत होता. पण त्याचा हात चालेना. बिघडलेलं इंजिन शनिवार-रविवार बघून बंद पडत नाही. आणि यंत्र बरोबर असेल, तर याच माळावर कोणाचं तरी हृदय बंद पडायच्या वाटेवर होतं, आणि ते कोणाचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने एक्केचाळीसला नवी डबी दिली. आणखी एक आठवडा. शनिवारची रात्र गेली आणि रविवारी उजाडताच क्रेटपाशी न थांबता तो स्वतः दावणीवर गेला.

हरिबा नव्हता. त्याची बायको बायडाबाई गव्हाणीच्या आडोशाला पट्टा सोडून त्याची नीट घडी करत होती. चाळिशी ओलांडलेली, काटकुळी बाई.

"मावशी, हा पट्टा हरिबांचा हाय."

"एक्केचाळीसचा हाय. मी बी एक्केचाळीसचीच."

"हरिबा कुठंयत?"

"टँकर आइतवारी आन सोमवारी येतो गावात. पानी भरायला शनवारी सांजच्याला जातेत. तवा मी असती हितं."

"मग पट्टा तुमी कावून बांधला?"

बायडाबाईला प्रश्नच कळेना. "खाडा पडू नाही म्हनून. स्पीकरवर सांगितलं न्हवं? लई आवळतो बघ छातीला, पर मी सोडला न्हाई."

शहादेव गव्हाणीच्या काठावर बसला.

"सकाळी डोकं दुखतं का, मावशी?"

"दुखतंय की. उनाचं दुखत आसंल."

"दिवसा झोप येती?"

"उसाच्या वाढ्याची मोळी डोक्यावर आसताना बी डुलकी लागती. ह्यो मानूस म्हनतो, आळशी झालीस." तिने पट्टा त्याच्या हातात दिला. "म्हंजे नापास झाले का मी?"

"न्हाई. तुमीच सापडत नव्हता मला."

दुपारपर्यंत तो एकशेवीसही दावणी फिरला. सत्तेचाळीस दावणींवर पट्टा आळीपाळीने बांधला गेला होता. कुठे सासू, कुठे भाऊ, बहुतेक ठिकाणी बायको. लबाडी कोणाची नव्हती. उलट सगळ्यांनी नियम पाळला होता.

अर्जुनराव म्हणाले, "सत्तेचाळीस खोड आन बाकीचे पाठव. कोन इचारतंय?"

"एक्केचाळीस नंबर खोडला असता तर काय झालं असतं, दादा?"



आधी बायडाबाईला न्यायचं होतं, आणि ती जायला तयार नव्हती. चार जनावरं, टँकर, घरचं पाणी. आजारी आहे म्हणून जागा सोडायची, हे तिला पटेना. "मी काय पडून हाय का?" ती म्हणाली.

हरिबाने तिच्या हातातली पाटी स्वतःकडे घेतली. मग म्हणाला, "तू जा. जनावरं मी बघतो."

"आन पानी?"

"पान्याचं माझ्याकडं," अर्जुनराव म्हणाले. त्या आठवड्यापासून सोसायटीचा ट्रॅक्टर हरिबाच्या दारात दोन पिंपं उतरवून जाऊ लागला.

बीडला निदान झालं. श्वास अडत होता, ठोका बिघडला होता, रक्तदाब चढलेला. हृदय अजून वाढलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलंत. गावात इतकी वर्षं तिला फक्त रक्तवाढीच्या गोळ्या मिळत होत्या.

गोळ्या सुरू झाल्या आणि झोपताना नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळालं. छावणीत दावणीपर्यंत वीज नव्हती. शहादेव आणि हरिबाने संकलन केंद्रापासून चारशे फूट वायर ओढली. अठरा खड्डे खणले, अठरा बांबू रोवले. मुरमाड जमीन, एका खड्ड्याला पाऊण तास. हरिबा दीड दिवस पहार मारत होता. आळशीपणाचा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

पहिले चार दिवस बायडाबाईने यंत्राला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी घातल्या नाहीत. महिन्याने पुन्हा तपासलं तेव्हा रक्तदाब उतरला होता आणि ठोका जागेवर आला होता.

पहिल्यांदा बीडहून परतली त्याच दिवशी ती शहादेवच्या खोलीच्या दारात उभी राहिली होती.

"आता त्या दुसऱ्या बायान्ला बी बांध. डोकं धरून उठनाऱ्या लई हायत हितं. त्या तुला सांगनार न्हाईत."

"ज्यांनी आळीपाळीनं बांधला त्या सगळ्यांचं पहिल्यापासून करावं लागंल, मावशी. आणखी महिना जाईल."

"मग बसलास कावून?"

शहादेवने नवी वही काढली. नंबराचा रकाना त्याने यावेळी आखलाच नाही. नाव, वय, आणि काल रात्री इथे कोण झोपलं. मग क्रेट उचलून आत ठेवला, पट्टे खांद्यावर टाकले आणि पहिल्या दावणीकडे चालू लागला. रोजचा एक फेरा दोन किलोमीटरचा होता.