गुरुवारचा बर्फ

तळवड्यात एका कंपनीच्या गेटवर आम्ही पत्रकं वाटत होतो, तेव्हा सुनीताचा फोन आला. “ताई, मावशी गेल्या.” शुद्धीवर आली होती का, असं मी विचारलं. “नाही,” म्हणाली. माझ्या शकुंतलामावशीच्या डोक्यात पान्हा घातला तो या सुनीताच्याच नवऱ्याने. हे आधीच लिहून टाकते, कारण ‘पाय घसरून पडली’ म्हणणारे अजूनही महाळुंग्यात राजरोस फिरतात.

मावशी तिथेच कंपन्यांच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत राहायची. आया शिफ्टला गेल्या की त्यांची पोरं हिच्याकडे. उन्हाळ्यात त्यांना घेऊन ती गारेगार करायची. कैरीचं पन्हं नाहीतर कोकमाचं सरबत स्टीलच्या पेल्यांत ओतून फ्रीजमध्ये ठेवायचं, घट्ट व्हायला लागलं की काडी खुपसायची. गुरुवारी मात्र फ्रीज बंद, कारण एमआयडीसीची सुट्टी आणि दिवसभर वीज नाही. मग ती मासेवाल्याकडून बर्फाची लादी आणायची. ती गोणपाटात गुंडाळून पोरांनी कुटायची आणि जाडं मीठ घालून त्या चुऱ्यात पेले पुरायचे. हातात मोगरी, लाटणं, मोडकी बॅट, जे मिळेल ते. “गोंजारतोस काय रं?” मावशी ओरडायची. “सायबाचं टाळकं हाय समज, हाण.” पोरं खिदळत हाणायची. हात लाल, नाकं वाहती, मिठाचे शिंतोडे डोळ्यांत.

बरेच गुरुवार मी ही मौज बघत होते. मग लक्षात आलं की काही वेळा बर्फाचा चुरा कधीच झालेला असतो, तरी ती म्हणते, अजून कुटा. गुरुवारी पुरुष घरी असत. सकाळपासून बाटली, दुपारी बायकोवर हात. पत्र्यापलीकडे सुनीताचं डोकं भिंतीवर आपटत असे आणि अलीकडे तिचीच सहा वर्षांची पिंकी लाटण्याने बर्फ फोडत असे.

मी भडकले. आमच्या घरात भिंतीला रंग नसेल, पण पत्रकांचे गठ्ठे होते. अन्याय दिसला की बोंब मारायची, एवढंच मी शिकले आहे. “तू त्याची मारहाण झाकतेस,” मी म्हणाले.

“पोरीच्या कानावरनं झाकती,” ती म्हणाली. “तिच्या आईच्या अंगावरनं झाकता आली असती, तर बर्फ कशाला आणला असता? तुमचं पत्रक वाचून कुणाचा हात थांबला का गं?”

“आणि तुझ्या बर्फाने?”

ती पेल्यांत काड्या खुपसत राहिली.

त्या शेवटच्या गुरुवारी मी तिथे नव्हते. पुढचं सुनीतानेच सांगितलं. नवऱ्याने तिला केसांनी धरून खाली पाडलं होतं, लाथा चालू होत्या. एरवी ती दात आवळून मार खायची, त्या दिवशी पोटात लाथ बसली आणि किंकाळी निघाली. बाहेर मावशीने हात वर केला. “थांबा रं. कुटू नका.” पोरं थांबली. ओळीतल्या प्रत्येक दारात एक पुरुष होता आणि प्रत्येकाला आता ऐकू येत होतं. कुणी हललं नाही. मावशीने पोराच्या हातातली मोगरी घेतली, सुनीताचं दार ढकललं आणि तिच्या नवऱ्याच्या मनगटावर हाणली. एकदा नाही, तो सुनीताला सोडेपर्यंत. मग त्याने पान्हा उचलला.

दाराबाहेर बर्फाचं पाणी होतंच. मावशीला ओढून त्यात टाकली आणि म्हणाला, घसरली. ओळीने री ओढली. ‘पोरं बर्फ कुटत होती, आम्हाला काही ऐकू आलं नाही.’ मावशीने करवलेल्या आवाजाचाच त्यांनी पुरावा केला. भीतीने सुनीतानेही पोलिसांना तेच सांगितलं.

दहाव्याला, इंद्रायणीच्या घाटावर, त्यातलाच एक जण माझ्या मामाला समजावत होता, “गोंगाट होता हो दादा, आम्हाला काय कळणार?”

आईच्या कडेला उभी असलेली पिंकी म्हणाली, “काका, आम्ही तर थांबलो होतो. आजीनं थांबा म्हणलं होतं.”

सुनीताने पदर खोचला, पोरीचा हात धरला आणि घाटावरून थेट चौकी गाठली. मी सोबत होते. तिने सगळं सांगितलं, हवालदार लिहून दमला तरी थांबली नाही. नवरा आता आत आहे. बाकीच्यांना रोज तिच्या दारावरून कामाला जावं लागतं.

मावशीची खोली आता सुनीताने घेतली आहे. परवाच्या गुरुवारी गेले, तर पोरं ओट्यावर बर्फ कुटत होती. कुटता कुटता सगळी एकदम थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. लाटणी, बॅटी हवेत धरून ती प्रत्येक दाराकडे कान देऊन ऐकत राहिली... मग पिंकी म्हणाली, “काही नाही,” आणि पोरं पुन्हा कुटू लागली.