वैशालीची दुसरी पिशवी

बोरिवलीतल्या आमच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये किस्से जमायला वेळ लागत नाही. खोलीत अंधार, पेशंट आडवी आणि नातेवाइकांना गप्प बसवत नाही! पण सुरुवात माझ्याच येडेपणापासून करते, म्हणजे नंतर दुसऱ्यांना हसायला मी मोकळी.

वैशाली दिंडोशीहून आली. आधीची दोन बाळं टिकली नव्हती. आता पुन्हा टेस्ट पॉझिटिव्ह. मी पोटावर मशीनचा प्रोब फिरवला, तर गर्भपिशवी रिकामी! इकडे बघ, तिकडे बघ, काही नाही. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "मॅडम, पाणी पिता का?"

शेवटी आमच्या सीनियर सरांना बोलावलं. त्यांनी प्रोब जरासा तिरका केला. बाजूला दुसरी पिशवी! आणि तिच्यात तांदळाएवढा जीव, धडधडणारा.

सर म्हणाले, "तू शेजाऱ्यांची बेल वाजवत होतीस."

* * *

मग मी समजावायला बसले. मुलगी आईच्या पोटात घडत असते, तेव्हा तिच्यात डावी-उजवी अशा दोन नळ्या असतात. त्या मधोमध भेटतात, चिकटतात, मधली भिंत विरघळते आणि एक पिशवी होते. वैशालीच्या नळ्या एक झाल्याच नाहीत.

तिचा नवरा मंगेश म्हणाला, "म्हणजे जोडी फ्लॅट घेतला, पण भिंत पाडायची राहिली."

इतकी वर्षं मी हे चित्रं काढून सांगत होते यार!

* * *

सर म्हणाले, "आता किडन्या बघ." पिशवी आणि किडनी शेजारी शेजारी घडतात ना, एकीचं बिनसलं की कधी दुसरीचंही बिनसतं. बघितलं, तर डावी किडनी नाहीच! उजवी मात्र झकास, दोघींचं काम एकटी करणारी. मी बघतच राहिले.

बाहेर येऊन घाबरत घाबरत सांगितलं. वैशालीच्या सासूबाई मालवणच्या. त्या म्हणाल्या, "पिशवी एक जास्त, किडनी एक कमी. टोटल बरोबर आसा मगे!"

* * *

पुढच्या वेळी सासूबाई आत आल्या आणि स्क्रीनच्या बाजूच्या भिंतीकडे टक लावून बसल्या. मी लगेच सुरू, "हे बघा आई, मुलगा की मुलगी विचारायचं नाही, कायदा आहे! आणि सुरुवातीला तर प्रत्येक गर्भात दोन्हींच्या नळ्या असतात. मग एक जोडी राहते, दुसरी विरून जाते. विचार करा, आपण सगळे तिथूनच आलोय!"

"बाळाचाच ठरूक येळ लागता, तर मी कित्याक इचारू? मी घड्याळ बघतंय."

* * *

एकदा त्यांनी मंगेशचंच गुपित फोडलं. "ह्येचा पण लहानपणी ऑपरेशन झाला. एक गोटी खाली उतरूकच नाय."

मंगेशने रुमालात तोंड लपवलं. मी त्याची बाजू घेतली. "अहो आई, त्या किडनीजवळ तयार होतात. तिथून एवढा प्रवास करून खाली येतात. एखादी थांबते वाटेत."

"ह्यो पयल्यापासूनच आळशी."

* * *

वैशाली मात्र हसायची नाही. बाळाला जागा अर्धीच, कळा कधीही सुरू होतील, म्हणून ती पडूनच असायची. दर वेळी ठोका दिसेपर्यंत ती श्वास रोखून धरायची. मीही.

बाळ लवकर आलं. इवलंसं, पण आलं! मुलगी.

आईला किडनी एक, म्हणून डॉक्टरांनी लेकीचीही सोनोग्राफी सांगितली. तिच्या दोन्ही किडन्या जागेवर. मग मी प्रोब जरासा खाली नेला. आईच्या हार्मोन्समुळे तान्ह्या मुलीची गर्भपिशवी छान दिसते. एकच होती. बरोबर मधोमध.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "वैशाली, अगं, अर्ध्या जागेत, अंधारात, कुणी न सांगता हिच्या दोन नळ्या बरोबर भेटल्या! आणि हिची सगळी स्त्रीबीजं, तुझी नातवंडंसुद्धा, आत्ताच हिच्या पोटात आहेत गं!"

वैशाली म्हणाली, "मॅडम, तिच्या पोटावरचं जेल पुसा. तिला थंडी वाजतेय."