उंची आधी

माझी ताई काचेच्या कारखान्यात कामाला. भाऊजीही तिथेच होते. लोकांच्या घरी जाऊन ते दारं-खिडक्यांना टेप लावून मापं सांगायचे, ताई लिहून घ्यायची. भाऊजी गेले तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरभर रडारड आणि ही मख्खासारखी सगळ्यांना पाणी देत फिरतेय. मला तिचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

मग मालकांनी संगणकावर चालणारं कापणीचं यंत्र आणलं. "संगणकाची ती पायथन भाषा शिकलात तर यंत्र तुमच्याकडे, नाहीतर घरी बसा," म्हणाले. घरी बसली असती तर ताई दिवसभर भिंतीकडेच बघत राहिली असती. मी नवशिक्यांना हेच शिकवून पोट भरते, तेव्हा तिच्या मागे हात धुऊन लागले. माझा नमुना बघून तिने कापणीचं फंक्शन लिहिलं, म्हणजे कंसात मापं दिली की त्या मापाची काच कापायला लावणारा आदेश. साध्या काचेवर चालवलं, ठीक निघालं.

उभ्या रेघांची काच लावली आणि माशी शिंकली. दाराच्या काचेवर रेघा आडव्या आल्या. मालक म्हणाले, "उद्याही असंच झालं तर राहू द्या."

एरर तर कुठेच येत नव्हती. ताई एकेक ओळ वाचत होती, जणू दुसऱ्याच कुणाची नोकरी जाणार होती. मी वैतागले.

"अगं, घोडं कुठे पेंड खातंय ते फंक्शनलाच विचार ना! त्याच्या हाती काय पडलं ते छापून बघ."

तिने छापलं. रुंदी सात फूट, उंची तीन फूट.

"हे बघ! कंसात पहिली रुंदी आहे, माझ्या नमुन्यात होती तशी. आणि वापरताना तू पहिली उंची दिलीस. साधी काच फिरवून धरली की झालं, म्हणून तेव्हा कळलं नाही. पण उंची आधी का दिलीस?"

"हे तसंच सांगायचे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मग फंक्शनमध्येच उंची आधी घेऊ," मी म्हटलं.

"नको. उद्या मापं दुसरं कुणी सांगेल. आकड्याआधी नाव लिहिता येतं ना?"

तिने प्रत्येक ठिकाणी नाव घातलं: उंची बरोबर सात, रुंदी बरोबर तीन. दुसऱ्या दिवशी काच कापली, रेघा उभ्या आल्या. "जमलं की!" म्हणून मालक आत गेले.

"आता कुणीही कसंही सांगितलं तरी चालेल," ताई म्हणाली. मग यंत्राला टेकून ती खाली बसली आणि ढसाढसा रडू लागली.