ज्ञानाची शिट्टी

कारखान्याजवळ एका खोलीत तिघं राहायला लागले, की भांडी कमी आणि किस्से जास्त जमतात. चितेगावच्या आमच्या खोलीतले निम्मे किस्से ज्ञानाच्या खोकल्याचे. आता सांगताना हसतो, पण तेव्हा आमची पार तंतरली होती!

ज्ञाना सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, वय चोवीस. पत्र्यावर रंगाची पूड उडवतात त्या पावडर कोटिंगच्या खात्यात लागला आणि खोकायला लागला. आडवा झाला की छातीतून शिट्टी वाजायची. तिसरा सलीमभाई, घर शहरातल्या छावणीत, ड्युटीमुळं खोलीवर. तो म्हणायचा, "ठंडा पानी बंद कर, मियाँ!" मी म्हणायचो, "तंबाखू सोड." ज्ञाना वैतागायचा, "खातो कुठं मी?" टीबीचं नाव तिघांच्याही मनात होतं, तोंडात कुणाच्याच नाही.

*

शेवटी दवाखान्यात टीबीच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंत ज्ञानानं आपला पेला आपणच वेगळा करून खिडकीत ठेवला. आम्ही त्या खिडकीकडं फिरकत नव्हतो, खोटं कशाला बोलू! रिपोर्ट क्लिअर आला. सलीमभाई त्याच पेल्यातून घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "ठंडा है!"

*

डॉक्टरबाई म्हणाल्या, दमा.

"दमा म्हाताऱ्याला व्हतो, मॅडम!"

"गावी गेलास की कमी होतो का?"

"व्हय, लई कमी."

"मग कामावरची पावडर सोसत नसेल. खातं बदलून घे. रात्री पांघरतोस काय?"

"आईनं दिलेली घोंगडी. आमच्याच मेंढरांची लोकर! छाती गरम राहती."

"तिच्यातही धूळ बसते. तीही बंद."

गडी नोकरी सोडायला तयार, घोंगडी नाही!

*

बाईंनी ओढायचा पंप दिला. थोडं बरं वाटलं, तोवर गावाकडं चुलत्यांनी ज्ञानासाठी मुलगी बघितली. फोनवर म्हणाले, "पंप दिसला तर सोयरीक जुळंल का? अन् त्येची सवय लागती." ज्ञानानं पंप ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.

*

पुढच्याच आठवड्यात, रात्रपाळी करून आम्ही दुपारी झोपलो होतो. जाग आली तर ज्ञाना उठून बसलेला, शिट्टी जोरात, तोंडातून शब्द फुटेना. मी ट्रंकेची किल्ली शोधतोय, तेवढ्यात शिट्टी थांबली.

"चला, उतार पडला!" मी म्हणालो.

सलीमभाईनं त्याचे ओठ बघितले. निळे! "रिक्षा!" ओरडत तो अनवाणीच पळाला.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "शिट्टी थांबली, कारण हवाच जाईना झाली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर..." पुढचं मला ऐकवलं नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

*

ज्ञाना वाचला. आता खातं बदललं, घोंगडी गावी गेली, पंप उशाशी खिळ्याला लटकतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. शिट्टी बंद आहे.

परवा दुपारी तो गाढ झोपला होता. खोलीत कसलाच आवाज नाही. मी सलीमभाईकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघंही उठलो. मी ज्ञानाला गदागदा हलवलं, "ज्ञाना, खोक रं! एकदा खोक!"

त्यानं डोळे उघडले, आमचे चेहरे बघितले आणि मुकाट्यानं खोकला.